हवा खाणारं तेल, पाणी पिणारा दगड

पिंपळे गुरवमध्ये डायनासोर गार्डनच्या मागे एखाद्या गल्लीत, बीएफए करणाऱ्या मुलीची भाड्याची खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीला टेकवलेला अर्धवट कॅनव्हास, टेबलावर निम्मं कोरलेलं लिनो, ओल्या फडक्याखाली शाडूचं डोकं, गॅलरीत प्लॅस्टरचा साचा. सबमिशन तोंडावर आणि एकही काम पुरं नाही. गावाहून आलेली आई म्हणते, "अगं, एक धड संपव, मग दुसऱ्याला हात लाव!" पण तसं करून चालतच नाही. कारण यातली प्रत्येक वस्तू आपल्याच वेळेनं घट्ट होते, आणि घट्ट होण्याची प्रत्येकीची तऱ्हा थक्क करणारी आहे.

जलरंगाचं सोपं. पाणी उडून जातं आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक रंगाचे कण कागदाला धरून ठेवतो. पण वाळलेल्या डागाची कड नेहमी गडद का? टेबलावर सांडलेल्या चहाचा डाग आठवा. काठावरचं पाणी झपाट्यानं उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी काठाकडे धावतं आणि कण सोबत ओढून नेतं. इतकी साधी गोष्ट, पण तिचा नीट उलगडा शास्त्रज्ञांनी मांडला तो १९९७ साली!

आता तेलरंग. इथे काय उडून जातं? टर्पेंटाइन घातलं असेल तर तेवढंच. तेल जागचं हलत नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचं चिवट जाळं विणलं जातं. म्हणजे घट्ट होताना थराचं वजन आधी चक्क वाढतं! हे करणारं तेल कोणतं? जवसाचं. ज्याची आपण चटणी करतो तेच जवस. खोबरेल तेलात रंग खलून पाहा, वर्षभरानेही बोटाला लागेल. ऑक्सिजनला धरायला लागणाऱ्या जागा त्याच्या रेणूंमध्ये जवळपास नसतातच. जवसाच्या तेलात त्या भरपूर.

या जोडणीत उष्णताही बाहेर पडते. कॅनव्हासवर ती जाणवत नाही, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता बोळा पेटू शकतो. म्हणून त्या चिंध्या मोकळ्या पसराव्यात, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावावं. हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि टेबलावरचं ते लिनो? १८६० च्या सुमारास फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसाने रंगाच्या डब्यावर धरलेली रबरासारखी साय पाहिली. जवसाच्या तेलाची साय! तिच्यात राळ आणि बुचाचा भुगा मिसळून त्याने जमिनीवर अंथरायचं लिनोलियम केलं, आणि पुढे चित्रकारांनी त्यावर कोरणी चालवली. त्यावर रोलरने फिरवतात ती तेलाची शाईही बहुतेक वेळा जवसाचीच. कॅनव्हास लिननचा असेल तर तो विणलेला असतो जवसाच्याच खोडाच्या धाग्यातून. एका रोपाने केवढी खोली व्यापली!

प्लॅस्टरचा खेळ याच्या नेमका उलटा. जिप्सम हा खनिज दगड. तो दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातल्या पाण्याच्या दर चार रेणूंपैकी तीन निघून जातात आणि पांढरी भुकटी उरते. ती पाण्यात भुरभुरली की गेलेलं पाणी ती परत पिते आणि पुन्हा दगड होते, अर्ध्या तासाच्या आत. साच्याला हात लावा, चांगला कोमट लागतो. आत सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत वाढत असतात, आणि गंमत म्हणजे आकसण्याऐवजी सगळं किंचित फुगतं. त्यामुळेच ते साच्याच्या बारीकशा रेघेतही जाऊन बसतं. बोटाचा ठसासुद्धा उमटतो.

याच भुकटीतून गणपतराव म्हात्रे या विशीतल्या विद्यार्थ्याने १८९६ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती घडवली. देवळाकडे निघालेल्या त्या मुलीच्या लुगड्याच्या चुण्या पाहून रवींद्रनाथ टागोरांसारख्या माणसालाही तिच्यावर लिहावंसं वाटलं. ब्राँझ नाही, संगमरवर नाही, साधं प्लॅस्टर!

पण प्लॅस्टरला पाऊस सोसत नाही. मग उघड्यावर काय ठेवायचं? अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर सिमेंटकडे वळले आणि त्यांनी माणसं, जनावरं अशी हुबेहूब उभी केली की पाहणारा थबकतो. सिमेंटही पाणी पिऊनच घट्ट होतं, हवा नसली तरी, अगदी पाण्याखालीसुद्धा. आणि प्लॅस्टरसारखं अर्ध्या तासात थांबत नाही. ओल मिळत राहिली तर महिनोन् महिने बळकट होत जातं.