पृथ्वी-तीनवरचा वेगवान खलनायक

समांतर विश्वाची कल्पना मराठी वाचकाला समजावून द्यायची झाल्यास वाईइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यातल्या, म्हणजे पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी गोळी लागून पडलेल्या विश्वासरावांचे हे आजोळ. आणि त्याच रणांगणातून कसेबसे निसटून आलेले, विश्वासरावांचेच समवयस्क असलेले नाना फडणवीस यांचा वाडा वाईला लागून, कृष्णाकाठी मेणवलीत आजही उभा आहे. एक परतला आणि एक परतला नाही, आणि मराठी राज्याचा पुढचा इतिहास पुष्कळसा या फरकातून घडला. ती गोळी चुकली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चघळला आहे. परंतु ती चुकलीच आहे, फक्त आपल्या जगात नव्हे, असे मांडून त्यावर विज्ञानकथा रचण्याचे काम जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत केले.

या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात वावरतात की जिथे गोळी विश्वासरावांना चाटून गेलेली आहे, मराठे जिंकलेले आहेत, दिल्लीचा बादशहा नामधारी उरला आहे आणि मुंबई मात्र भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिली आहे. या अनुभवाचा उलगडा कथेत पुंजभौतिकीच्या, म्हणजे अणूपेक्षाही सूक्ष्म कणांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या आधाराने केला जातो. असा कण नेमका कोठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात. आणि ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेल्या विचारातून पुढे असा अर्थ निघाला की यांतली प्रत्येक शक्यता कोणत्या ना कोणत्या जगात प्रत्यक्षात उतरलेली असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की नारळीकरांच्या दुसऱ्या जगात घटना बदलते, माणसांचा स्वभाव बदलत नाही, आणि म्हणून त्या कथेला खलनायक लागत नाही.

अमेरिकन चित्रकथांनी नेमकी उलटी वाट धरली. डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या 'द फ्लॅश' मासिकाच्या सप्टेंबर १९६१च्या १२३व्या अंकात लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार कारमाइन इन्फँटिनो यांनी दोन पृथ्वींची कल्पना मांडली. या दोन्ही पृथ्वी अवकाशात एकाच जागी आहेत, मात्र त्यांची कंपने, म्हणजे त्यांच्या कणाकणाची थरथर, वेगवेगळ्या गतीने चालत असल्यामुळे त्या एकमेकींना दिसत नाहीत की भिडत नाहीत, असे तिथे गृहीत धरले आहे. फ्लॅश हा अफाट वेगाने धावणारा नायक. तो आपले शरीर हव्या त्या गतीने कंप पाववू शकतो, आणि म्हणून नकळत एका जगातून दुसऱ्या जगात जाऊन पोहोचतो. हे भौतिकशास्त्र नव्हे, हे उघड आहे. पण कथेची सोय म्हणून ही युक्ती नामी ठरली, कारण तिने वेग आणि समांतर जग या दोन गोष्टींची कायमची गाठ मारली: जो पुरेसा वेगवान, त्याच्यापाशी दुसऱ्या जगाची किल्ली. पुढे दूरदर्शन मालिकेत फ्लॅशच्या मागे लागलेला झूम हा अतिवेगवान खलनायक दुसऱ्या पृथ्वीवरूनच यावा, हे त्या किल्लीचेच लांबवरचे फळ.

या गाठीतून निघालेला पहिला ठळक खलनायक म्हणजे जॉनी क्विक. 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' या मासिकाच्या ऑगस्ट १९६४च्या २९व्या अंकात फॉक्स आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांनी 'क्राइम सिंडिकेट' नावाची पाच जणांची टोळी आणली. मुंबईहून टाइम्स समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले तेही याच वर्षी. ते पुढे मराठीतही निघू लागले आणि वेताळ व मँड्रेक घरोघरी गेले, परंतु क्विकसारखी मंडळी तेव्हा आपल्याकडे फिरकली नाहीत. क्राइम सिंडिकेटची टोळी पृथ्वी-तीन या आणखी एका समांतर जगाची रहिवासी होती. तिथे अतिमानवी शक्ती केवळ गुन्हेगारांच्या वाट्याला आली होती आणि त्यांना अडवणारा नायक कोणीच नव्हता. सुपरमॅनच्या जागी अल्ट्रामॅन, बॅटमॅनच्या जागी आउलमॅन, वंडर वुमनच्या जागी सुपरवुमन, ग्रीन लँटर्नच्या जागी पॉवर रिंग आणि फ्लॅशच्या जागी जॉनी क्विक अशी मांडणी होती. नावातही एक खोच आहे: जॉनी क्विक नावाचा सज्जन नायक त्याच परंपरेत १९४१ पासून होता, तो एक गणिती सूत्र उच्चारताच वेगवान होत असे, आणि त्याचेच नाव या चोराला देण्यात आले.

टोळीला दुसऱ्या पृथ्वीवर यावेसे का वाटले, याचे कारण त्या कथेतला सर्वांत चतुर भाग आहे. घरच्या दरोड्यांत कोणाचा विरोधच उरलेला नसल्याने त्यांच्या शक्तीला गंज चढू लागला होता आणि तोलामोलाचा प्रतिस्पर्धी त्यांना हवा होता. प्रतिकार नसलेली सत्ता आतून सैल पडते, हे पेशवाईचा उत्तरकाळ वाचलेल्याला निराळे सांगावे लागणार नाही. जस्टिस लीगच्या नायकांशी जगाजगांत हारजीत होऊन अखेरचा सामना तटस्थ म्हणून निवडलेल्या पृथ्वी-दोनवर होतो आणि पराभूत टोळीला जगांच्या मधल्या पोकळीत एका बुडबुड्यात कोंडून ठेवले जाते.

पृथ्वी-तीनचा इतिहास मात्र फॉक्स यांनी फारच भाबडेपणाने उलटा केला. तिथे कोलंबस अमेरिकन असून तो युरोपचा शोध लावतो, इंग्लंड ही अमेरिकेची वसाहत असून तीच स्वातंत्र्ययुद्ध लढते, आणि अब्राहम लिंकन हा नट राष्ट्राध्यक्ष जॉन विल्क्स बूथ यांच्यावर गोळी झाडतो. अंगरखा उलटा करून घालावा तसा हा प्रकार आहे. शिवण दिसते, पण अंगरखा तोच राहतो. या जगात क्विक दुष्ट का झाला याला काही उत्तर नाही, कारण तो झालेला नसून फिरवून ठेवलेला आहे. नारळीकरांनी एकच गोळी हलवली आणि तिचे परिणाम शिस्तीने पुढे नेले. फॉक्स यांनी सर्व काही हलवले आणि परिणामांकडे पाहिलेच नाही. मुलांसाठी लिहिलेल्या, थोडक्या पानांच्या मासिकाकडून याहून अधिक मागणे कदाचित अन्यायाचे होईल, तरी दोन्ही वाचणाऱ्याला फरक जाणवल्याशिवाय राहत नाही.

जॉनी क्विकला खऱ्या अर्थाने व्यक्तिमत्त्व आले ते नंतरच्या लेखकांकडून. १९८५ साली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेत डीसीने आपल्या अगणित पृथ्वींचा पसारा आवरला, तेव्हा पृथ्वी-तीन पहिल्याच अंकात नष्ट झाली आणि मूळचा क्विक तिच्याबरोबर गेला. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या २०००च्या 'जेएलए: अर्थ टू' या पुस्तकात तो प्रतिद्रव्याच्या विश्वातला म्हणून परतला, प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या द्रव्याचे विरुद्ध विद्युत्भार असलेले रूप, जे द्रव्याला भेटताच दोघेही नाहीसे होतात. या क्विकचा वेग एका मादक द्रव्यातून येतो, ते संपले की वेगही संपला. ही दुरुस्ती मोलाची आहे. चाफळपासून शिराळ्यापर्यंत समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींचा वावर असलेल्या या मुलखात वेग हे सेवेचे साधन म्हणून पूजले जाते. मॉरिसन यांनी तो व्यसन म्हणून दाखवला, आणि त्यामुळे खलनायकाला प्रथमच गरज, म्हणजेच दुर्बळता, मिळाली. २०१३च्या 'फॉरएव्हर ईव्हिल' या कथामालिकेत त्याची आणखी एक आवृत्ती आहे; तिथे कॅप्टन कोल्ड हा शीतास्त्रधारी गुन्हेगार त्याचा पाय गोठवून फोडून टाकतो.

या सगळ्यांत सरस प्रसंग छापील पानांवर नसून २०१०च्या 'जस्टिस लीग: क्रायसिस ऑन टू अर्थ्स' या ॲनिमेशनपटात आहे. पटकथा ड्वेन मॅकडफी यांची. यातला आउलमॅन शक्यतांची शाखाशाखांनी वाढणारी कल्पना अखेरपर्यंत ताणून पाहतो: प्रत्येक निर्णयाची उलट बाजू दुसऱ्या एखाद्या जगात घेतली जात असेल, तर कोणत्याच निर्णयाला अर्थ उरत नाही, मग ज्या मूळ पृथ्वीतून सर्व जगांच्या फांद्या फुटल्या तीच उडवून द्यावी. ती मनुष्यविरहित पृथ्वी गाठायची तर तिच्या कंपनाशी जुळेल इतक्या वेगाने कोणाला तरी थरथरावे लागते. फ्लॅश पुढे सरसावतो, पण बॅटमॅन त्याला तू पुरेसा वेगवान नाहीस असे सांगून मागे ठेवतो आणि काम जॉनी क्विककडे सोपवतो.

क्विक ते करतो. आपला वेग फ्लॅशहून अधिक, या अभिमानाने तो स्वतःला पणाला लावतो, वाट उघडते, बॅटमॅन पलीकडे जाऊन आउलमॅनला आणि त्याच्या बाँबला एका गोठलेल्या, निर्जन जगात पाठवून देतो. तो परततो तेव्हा वाट उघडून धरणारा क्विक काही क्षणांत जराजर्जर होऊन मरणोन्मुख पडलेला असतो. इतका ताण शरीर सहन करणार नाही, याची बॅटमॅनला आधीच कल्पना होती, हे क्विकच्या लक्षात येते, आणि त्यावर तो संताप करत नाही. उलट त्या डावाला दाद देऊन प्राण सोडतो. आरशातल्या जगातून आलेल्या चोराने अवघी विश्वे वाचवली आणि फसवणूक केली ती नायकाने. पटकथा या हिशेबाची बेरीज करून देत नाही. फ्लॅशचा जीव वाचावा म्हणून बॅटमॅनने जे केले त्याला शहाणपण म्हणावे की कावा, यावर चित्रपटातले कोणतेही पात्र बोलत नाही.