पडद्याच्या मागच्या बाजूने

बाबूराव अर्नाळकर या नावातलं अर्नाळा आमच्याच किनाऱ्यावरचं. बोईसरहून दक्षिणेला शिरगाव, माहीम, केळवे, आणि वैतरणेच्या खाडीपलीकडे अर्नाळा. चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) यांनी लेखणीसाठी हे नाव घेतलं आणि हजारावर रहस्यकथा लिहिल्या. सत्तरच्या दशकात बोईसरमध्ये वाढणाऱ्या आम्हा मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या कथांतले झुंझार, काळापहाड, धनंजय आणि छोटू एवढेच आमचे.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, मागोमाग औद्योगिक वसाहत आली आणि कुठकुठून माणसं इथे राहायला आली. त्यांच्या सामानातून पुस्तकं आली. चांदोबाचे जुने अंक, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, आणि कव्हर फाटलेल्या रहस्यकथा. त्या या घरातून त्या घरात फिरायच्या आणि बहुधा मोठ्यांच्या नजरेआड वाचल्या जायच्या.

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागले. इतक्या वर्षांनी त्या ओळीने वाचून काढल्या, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. माझ्या किनाऱ्यावर प्रत्येक निर्णायक रात्री धुकं पडतं. आमच्याकडे थंडीत पहाटे शेतांवर थोडं धुकं धरतं आणि ऊन चढताच विरतं. खाडीवर, तेही पावसाळ्याच्या तोंडावर, एवढं धुकं आणलं कुठून? धनंजय-छोटूच्या मागे होम्स आणि वॉटसन उभे आहेत, हे जाणत्यांनी कधीच ओळखलंय. त्यांच्या पाठोपाठ लंडनचं धुकंही गिरगावमार्गे बोईसरला पोचलं असणार. औद्योगिक वसाहतीतला रात्रीचा धूर लिहितानाही माझी वाक्यं त्याच चालीने पडतात. आधी दिवा अंधुक होतो, मग पावलं वाजतात आणि मग माणूस दिसतो.

सिनेमाचं तर याहून खोल गेलेलं. गणपतीत मैदानावर पडदा लागायचा. पुढची जागा लवकर भरायची, मग आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. तिथून नावं उलटी दिसत आणि सगळी माणसं डावखुरी. ‘जैत रे जैत’ (१९७७) मी असाच मागून पाहिला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतला नाग्या, डोळा घेणाऱ्या राणीमाशीवर उठलेला, ढोल वाजवणारा. पालघरच्या एका कार्यक्रमात एका कॉलेजच्या मुलीने मला विचारलं, तुमच्या कादंबऱ्यांतली हट्टी माणसं डावखुरी का असतात? मी थक्क झाले. खरंच होती. कुणी डाव्या हाताने जाळं फेकतो, कुणी डाव्या हाताने अर्जावर सही करतो. लिहिताना एकदाही ते जाणवलं नव्हतं.

त्यातला सही करणारा माणूस केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठवलेल्या गावातला आहे. त्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं त्यासाठी हलली. त्याचा लढा मी गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून घेतला, असं मी कित्येक वर्षं मानत आले. ते पुस्तक मी विशीत वाचलं आणि आमच्याच डहाणू-तलासरीची वेठबिगारी मला तिथे प्रथम समजली. माझी मतं त्या पुस्तकाने घडवली, त्याचं ऋण मोठं आहे. पण त्यातली माणसं संघटना बांधतात, सभेला चालत येतात. माझा माणूस एकटाच रात्री डोंगराएवढ्या गोष्टीवर चालून जातो. तो नाग्या आहे, आणि अर्धा काळापहाड. मोठेपणी वाचलेलं माझ्या विचारांत उतरलं. लहानपणीचं मात्र प्रकरण कुठे तोडायचं आणि माणूस कुठल्या दाराने आत आणायचा, हे ठरवत राहिलं.

जे लहानपणी मिळालंच नाही त्याचाही ठसा उरतो, आणि मला वाटतं तो अधिक घट्ट असतो. त्या पुस्तकांत, त्या पडद्यावर आमची वाडवळी नव्हती, मांगेली नव्हती, वारली तर नव्हतीच. नावात अर्नाळा असलेल्या लेखकाच्या पानांवरही आमच्या किनाऱ्याची बोली मला भेटली नाही. घरी-बाजारात कानावर पडणारी भाषा पुस्तकात येत नसते, हे आम्ही कुणी न शिकवता शिकलो. म्हणून माझ्या पहिल्या कादंबऱ्यांतल्या मांगेला बाया छापील मराठीत भांडतात. एवढ्या तावातावाच्या भांडणात एकीच्याही तोंडी घरचा शब्द नाही.

सध्याच्या हस्तलिखितात सातपाटीची एक म्हातारी आहे. ती मांगेलीत बोलते. तिचे संवाद मी तिथल्या बायकांना वाचून दाखवते, त्या हसतात, दुरुस्त करतात, मग मी पुन्हा लिहिते. काम फार हळू चाललंय. परवा वाचताना एकीने थांबवून विचारलं, एवढं सगळं खरं, पण बंदरावर हे धुकं कसलं?