बोटीवर वाचायला काय न्याल?

मुंबईहून गोव्याला क्रूझनं जायचं ठरलंय? साड्या, औषधं, मुलांचा खाऊ सगळं आठवणीनं भराल; स्वतःसाठी पुस्तक मात्र हमखास राहील. तेच आधी पिशवीत टाका. कुकरची शिट्टी ऐकू न येणारे दिवस पुन्हा कधी मिळणार?

पुस्तक हलकं हवं, वजनाला आणि डोक्यालाही. बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास, नाहीतर सत्यजित राय यांचा फेलूदा. तोही मराठीत आलाय. अगाथा ख्रिस्तींची १९३७ची ‘डेथ ऑन द नाइल’ तर बोटीवरच्याच खुनाची. भित्र्या असाल तर ती परतल्यावर वाचा, बरं का!

खरी अडचण निराळीच. डोळे स्थिर पानावर असतात, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला बोटीचे हेलकावे जाणवतात. दोघांचं जमेना की मळमळतं. म्हणून बारीक टाइप नको, प्रकरणं छोटी हवीत. एक संपलं की मान वर करून क्षितिजाकडे बघा. बसायला बोटीचा मधला भाग बरा. तिथे हेलकावे कमी.

पात्रांची गर्दीही नको. दर दहा मिनिटांनी “आई, टॉवेल कुठाय?” होणारच, मग कोण कुणाचा पुतण्या, ते पुन्हा शोधा! पहिली वीस पानं घरीच वाचून ठेवा. एकदा गुंतलात की “कपाटात बघ” म्हणून मान खाली घालता येते. आणि तुमचं होईपर्यंत पुस्तक ‘ह्यां’च्या हाती देऊ नका. खुनी कोण, ते जेवणाच्या टेबलावर सांगून मोकळे होतील!