फुटबॉल क्लबमधील मालकांचा हस्तक्षेप आणि व्यवस्थापकांचे राजीनामे

व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघाच्या जय-पराजयाची जबाबदारी व्यवस्थापकावर असते. परंतु खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा निर्णय अनेकदा मालक किंवा त्याने नेमलेले संचालक घेतात. जबाबदारी आणि अधिकार यांची ही फारकत व्यवस्थापकाने पद सोडण्याचे एक महत्त्वाचे कारण ठरते.

या दृष्टीने इंग्लंडमधील दोन प्रकरणे उद्बोधक आहेत. दोन बचावपटू आपल्या संमतीवाचून विकले गेल्यामुळे वेस्ट हॅम युनायटेडचे ॲलन कर्बिशली यांनी ३ सप्टेंबर २००८ रोजी राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी न्यूकॅसल युनायटेडचे केव्हिन कीगन यांनीही पद सोडले. मालक माइक ॲशली यांच्या या क्लबने कीगन यांना नको असलेला इग्नासियो गोन्झालेस हा खेळाडू उसना घेतला होता. २००९ मध्ये दोन्ही प्रकरणांत लवादाचा निर्णय व्यवस्थापकांच्या बाजूने लागला. खेळाडूंच्या निवडीबाबतचा त्यांचा करारसिद्ध अधिकार क्लबने डावलला असल्याने हे राजीनामे वस्तुतः बडतर्फीच होत, असा या निर्णयांचा आशय होता. कीगन यांना २० लाख पौंडांची भरपाई मंजूर झाली.

तात्पर्य, राजीनामा दिला म्हणजे व्यवस्थापक स्वेच्छेने गेला, असे मानता येत नाही. करारात स्पष्टपणे नमूद केलेला निर्णयाधिकार हेच त्याचे खरे संरक्षण होय.