परवान्याचे पन्नास रुपये

रेडिओचा आणि दूरचित्रवाणीचा परवाना ही वस्तू आपल्या देशातून नाहीशी झाली त्याला आता चाळीसएक वर्षे झाली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर सरकारने ह्या दोहोंची फी रद्द केली आणि टपाल कचेरीतून मिळणारी ती लहानशी पुस्तिका घरोघरच्या ट्रंकेच्या तळाशी जाऊन पडली. त्या पिढीतील माणसांना आकडे अजून तोंडपाठ आहेत : रेडिओला सालीना पंधरा रुपये, टीव्हीला पन्नास. तिकडे ब्रिटनमध्ये मात्र ही फी टिकून राहिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती १७४ पौंड ५० पेन्स झाली. बी. बी. सी.ची सनद २०२७ अखेर संपत असल्यामुळे, ‘हे पैसे भरण्यात आता काही अर्थ उरला आहे काय?’ असा प्रश्न तेथील लोक उघडपणे विचारू लागले आहेत.

हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या तालुक्यांतील मराठी घरांपुढे तोच प्रश्न निराळ्या वेषात उभा आहे. फी गेली, परंतु पैसे भरणे काही थांबले नाही. मग आपण कोणास भरतो आणि त्याच्या मोबदल्यात आपल्या पदरात काय पडते?

प्रथम परवाना म्हणजे काय होते ते पाहू. १९२७ च्या जुलैत मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने ध्वनिक्षेपण सुरू केले तेव्हा परवान्याचे वर्षाचे दहा रुपये पडत आणि त्यांतील आठ कंपनीला मिळत. बेत व्यापारी दृष्टीने ठीक होता. पण संच महाग, घेणारे थोडे आणि घेणाऱ्यांतही परवाना काढणारे त्याहून थोडे. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारला ते काम आपल्या अंगावर घ्यावे लागले. पुढे १९३३ च्या कायद्याने विनापरवाना संच बाळगणे हाच गुन्हा ठरला. तेव्हापासून टपाल कचेरी, तिकिटे चिकटवलेली पुस्तिका आणि दारावर येणारा तपासनीस ही त्रयी लोकांच्या परिचयाची झाली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपल्याकडे ‘आकाशवाणी’ हे सरकारचे खाते होते. श्रोत्याचे पैसे सरकारी तिजोरीत जात आणि केंद्रांचा खर्च अंदाजपत्रकातून येई. त्यामुळे ‘मी पैसे भरले आहेत, मला जाब द्या’ असे म्हणण्याचा इंग्रज श्रोत्याचा जो बाणा, तो आपल्या श्रोत्यात फारसा रुजला नाही. (‘आकाशवाणी’ हे नाव मात्र कर्नाटकातील म्हैसूरचे. तेथील प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून जे खाजगी केंद्र चालविले त्याच्याशी ते निगडित आहे. तेथून ते साऱ्या देशाने उचलले.)

आता सीमाभागाकडे वळू. बीदर आणि त्या काळचे गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याचा स्वतःचा ‘डेक्कन रेडिओ’ होता. त्याची हैदराबाद व औरंगाबाद येथील केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी भारत सरकारकडे आली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि एकट्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद व नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औरादचा भाग म्हैसूर राज्यात. सीमाप्रश्नाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. सांगावयाचे ते एवढेच की, उदगीरचा मामा आणि भालकीचा भाचा ह्यांची राज्ये दोन झाली, तरी दोघांच्या परवान्याची रक्कम एकच राहिली.

लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. पण त्यांचे स्वतःचे काही नियम असतात. रेडिओची मध्यम लहर दिवसा जमिनीलगत धावते आणि अंतर वाढेल तशी क्षीण होते. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या भागातील, दिवसा तिला शोषून घेणारा थर विरून जातो. त्यावरील थरावर आपटून ती शेकडो मैलांवर पुन्हा जमिनीकडे येते. म्हणून बीदरच्या पठारावर मुंबई केंद्र भरदुपारी ऐकू येणे कठीण, आणि रात्री मात्र दुरून कोणी बोलावे तसे, कधी जवळ तर कधी लांब जात, ते कानी पडावे, असा प्रकार होई. पुढे गुलबर्ग्याचे केंद्र १९६६ साली आले आणि परभणीचे १९६८ साली. एकाने कन्नड दिले, दुसऱ्याने मराठी. सीमेवरचा श्रोता संचाची खुंटी फिरवून दोन्हीकडे कान देऊ लागला.

मुंबईकराला त्याच पंधरा रुपयांत घरबसल्या खणखणीत मराठी, आणि औरादकराला खरखरीतून गाळलेली. मग फी सारखी कशी, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. पोस्टकार्डाला पुढच्या गल्लीसाठी जे दाम तेच काश्मीरसाठी, आणि म्हणूनच काश्मीरला पत्र जाऊ शकते. दाट वस्तीतून गोळा झालेल्या पैशावर विरळ वस्तीतले केंद्र उभे राहते. परवाना-फीचे जे काही समर्थन आहे ते ह्या एका गोष्टीत आहे. गुलबर्ग्याचे केंद्र केवळ गुलबर्ग्याच्या परवान्यांवर चालवायचे ठरले असते, तर ते उघडलेच नसते.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत तर ह्या भागाचे भाग्य काही काळ राजधानीहून थोर होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एका वर्षात अमेरिकेच्या उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांना चित्रे दाखविण्याचा प्रयोग झाला. ‘साइट’ ह्या नावाने तो ओळखला जातो. कर्नाटकातील त्याची खेडी गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर ह्या जिल्ह्यांत होती. सार्वजनिक जागी सरकारने एक संच ठेवायचा, बाहेर तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभारायची, आणि सकाळी शाळकरी मुलांनी व संध्याकाळी सगळ्या गावाने, शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय पाहायचे. प्रेक्षकाला परवाना नाही, फी नाही. वर्ष संपले, उपग्रह अमेरिकेकडे परतला, आणि १९७७ साली गुलबर्ग्यास जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. बंगळूरला दूरचित्रवाणी आली ती त्यानंतर, १९८१ साली!

ह्या केंद्राच्या टप्प्यात ज्यांनी स्वतःचे संच घेतले, त्यांना टपाल कचेरीत पन्नास रुपये भरावे लागले. संध्याकाळचे काही तास, एकच वाहिनी, कार्यक्रम मुख्यतः कन्नड. दूरचित्रवाणीची लहर रेडिओच्या मध्यम लहरीसारखी रात्री उडी मारीत नाही; ती साधारणतः नजरेच्या रेषेत जाते. म्हणून मुंबईचे मराठी कार्यक्रम, तेथील केंद्र १९७२ पासून चालू असूनही, येथे दिसणे शक्य नव्हते. तरी ते पन्नास रुपये वाया गेले असे मी म्हणणार नाही. तूर, ज्वारी, जनावरांचे रोग हे विषय कन्नडमध्ये ऐकले म्हणून मराठी शेतकऱ्याला कळत नाहीत, अशी काही ह्या भागाची रीत नाही. येथे बाजारात एका वाक्यात तीन भाषा येतात.

फी बुडाली ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण ट्रान्झिस्टर. जुना लाकडी संच दिवाणखान्यात बसे आणि त्याची तार छपरावर लोंबे; ती पाहून तपासनिसाला घर ओळखता येई. ट्रान्झिस्टर कोटाच्या खिशात मावू लागला, बांधावर वाजू लागला, आणि त्याच्यामागे फिरणाऱ्या माणसाचा पगार वसूल होणाऱ्या फीला परवडेनासा झाला. दुसरे कारण जाहिरात. विविधभारतीवर १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई-पुणे-नागपूरपासून जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ च्या जानेवारीपासून. पैसा दुसऱ्या दाराने येऊ लागल्यावर दारोदार हिंडून पंधरा-पन्नास गोळा करण्याचा खटाटोप कोण करील?

येथपर्यंत सर्वांचा फायदाच झाला असे दिसते. पण जाहिरातदार प्रेक्षक मोजतो तो बाजारपेठेप्रमाणे, आणि सीमेवरच्या माणसाला नेमका येथेच फटका बसतो. आज मराठी वाहिन्यांचे यश मोजले जाते ते महाराष्ट्र-गोवा ह्या बाजारपेठेत. कर्नाटकाची मोजणी स्वतंत्र, आणि तिच्यात वजन कन्नड वाहिन्यांचे. भालकीचे मराठी घर रोज रात्री मराठी मालिका पाहते, वर्गणी भरते, जाहिरातीतला साबण विकत घेते; आणि त्या मराठी वाहिनीच्या हिशेबी जमेस येत नाही. पुण्याच्या पावसाची बातमी त्याला तासातासाला मिळते. त्याच्या गावच्या पावसाची बातमी द्यावी असे कोणाही व्यापाऱ्याला वाटण्याचे कारण नाही.

आणि ह्या भागात दुसऱ्या राज्याची बातमी ही करमणूक नव्हे. भीमेवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात, आणि त्याचे सोडलेले पाणी पोहोचते कलबुर्गीच्या अफजलपूर तालुक्यात. २०२० च्या ऑक्टोबरातील पुराने भीमाकाठच्या गावांना हे पुरते शिकविले. मांजरा बीड-लातूरकडून येते आणि बीदर जिल्ह्यात शिरते. धरणाचे दरवाजे मराठी मुलखात उघडतात, गुरे सोडायची असतात ती कर्नाटकात. २०२२ साली कलबुर्गीच्या तुरीवर मर रोग पडला आणि मोठे नुकसान झाले; तीच तूर सीमेपलीकडेही पिकते आणि मर रोगाची बुरशी कोणत्या राज्याची जमीन आहे हे विचारीत नाही. अशा वेळी दोन्ही भाषांत, त्याच दिवशी, खात्रीची बातमी देणारे केंद्र असणे, हे काम बाजार करणार नाही. कारण त्याचा प्रेक्षक थोडा आणि त्याला विकण्याजोगे काही नाही. सार्वजनिक पैसा खर्चायचा तो नेमका येथे.

तो पैसा आपण देतोच. प्रसारभारती १९९७ साली स्थापन झाली तरी तिचा मोठा भार सरकारी अनुदानावर राहिला. २०२३ च्या जानेवारीत तिच्या यंत्रसामग्रीच्या व कार्यक्रमांच्या सुधारणेसाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर झाली. हा एक खिसा. दुसरा केबलचा : २०१९ साली नियामक मंडळाने केवळ जोडणीचे कमाल मासिक शुल्क १३० रुपये ठरविले, करासह १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाचे १,८४० रुपये ८० पैसे, सशुल्क वाहिन्या निराळ्या. २०२४ मध्ये तर ती कमाल मर्यादाही उठविली. तिसरा खिसा मोबाइलच्या डेटाचा, चौथा जाहिरातीचा खर्च चढविलेल्या मालाचा. रुपयाची किंमत किती घसरली ते जमेस धरूनही, पन्नास रुपयांचा परवाना महाग होता असे आज कोण म्हणेल? त्या पन्नासांची पावती तरी हाती येत असे.

म्हणून जुनी फी परत आणावी काय? नको. ती गरिबाकडून आणि सावकाराकडून सारखीच घेतली जाई, आणि मोबाइलवर चित्रे पाहणाऱ्याच्या मागे कोणता तपासनीस धावणार? जर्मनीने २०१३ पासून संच मोजण्याचे सोडून दर घरामागे आकारणी केली, फ्रान्सने २०२२ साली फी बंद करून तो भार करावर टाकला. आपण तोच मार्ग चाळीस वर्षांपूर्वी धरला. फक्त कर देणाऱ्याला आपण श्रोते आहोत ह्याची आठवण राहिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट म्हटले आहे. त्या निर्णयाचा आधार घेऊन आळंदच्या किंवा बसवकल्याणच्या माणसाने केंद्राला पत्र लिहून विचारावे, की आठवड्यात किती मिनिटे माझ्या तालुक्याबद्दल आणि किती माझ्या भाषेत? कलबुर्गीचे दूरदर्शन केंद्र ह्या प्रश्नाला विशेष पात्र आहे. २०२१-२२ मध्ये देशभरचे जुने जमिनीवरील प्रक्षेपक बंद करण्यात आले. तेव्हा अशा केंद्रांनी कार्यक्रमनिर्मिती करीत राहावे, असे प्रसारभारतीनेच जाहीर केले होते.

राहिला घरखर्चाचा प्रश्न. ज्या घरात बातम्या, शेती आणि थोडी करमणूक एवढेच पाहिले जाते, त्यांनी केबलच्या वर्गणीचा फेरविचार करावा. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ला छत्री आणि संचावरची पेटी ह्यांचा एकदाच खर्च येतो, मासिक शुल्क नाही, आणि तिच्यावर मराठीची ‘सह्याद्री’ व कन्नडची ‘चंदना’ ह्या दोन्ही शेजारी शेजारी मिळतात. ज्यांना मालिका सोडवत नाहीत त्यांनी केबलवाल्याकडून वाहिन्यांची व त्यांच्या दरांची यादी मागून घ्यावी. गठ्ठ्याने न घेता हवी तेवढी एकेक वाहिनी निवडण्याचा हक्क ग्राहकाला २०१९ पासून आहे. बारा मराठी वाहिन्या घेऊन घरात तीनच पाहिल्या जात असतील, तर नऊंचे पैसे प्रथम वाचवावेत.