माटुंगेकरांनो, फोर्टातही जरा मान वर करा!

फाइव्ह गार्डन्सभोवतीचे गोलाकार सज्जे आपल्या सवयीचे. त्याच १९३०च्या दशकात ऑफिसची इमारत कशी बांधत, हे बघायचं तर महात्मा गांधी रोडवरची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत गाठा. १९३६ची; वास्तुरचना मास्टर, साठे आणि भुता यांची. घुमट नाही, टोकदार कमानी नाहीत. आरसीसी बांधकाम आणि नजर थेट वर नेणाऱ्या उभ्या पट्ट्या, बस्स. नक्षीला फाटा दिला, शिल्पांना मात्र नाही, हे नशीबच! ना. ग. पानसरे यांनी दर्शनी भागावर शेतकरी, कुंभार अशी कष्टकरी माणसं कोरली. विमा कंपनीच्या दारात राजे-महाराजे नाहीत, हे मला फार आवडतं. रविवारी जा, फुटपाथ मोकळा असतो. निघण्याआधी मेगाब्लॉक तेवढा बघा.