वाडीचे पूर आणि वांड पोरं

नृसिंहवाडीत वर्षं पुरांनी लक्षात राहतात. २००५ चा पूर, २०१९ चा, मग २०२१ चा. एका जागी बूड न टेकणाऱ्या पोरांच्या घरांचा मागोवा घ्यायलाही त्याच खुणा सोयीच्या पडतात.

२००५ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा असं पोरगं ‘लई वांड’ म्हटलं की विषय संपायचा. फार झालं तर अंगारा, नवस, नाहीतर मास्तरांची छडी. मनाच्या आजाराची माणसं वाडीच्या दत्तमंदिरात सेवेला आणून ठेवायची रीत जुनीच आहे. मुलगी असेल तर तेवढंही नाही. ती खिडकीबाहेर बघत बसायची, वह्या हरवायची, वेंधळी ठरायची आणि तशीच सासरी जायची. बोल मात्र दोन्हीकडे आईलाच, वळण लावलं नाही म्हणून.

यात एकटी वाडी मागे होती असं नाही. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली, ती नैतिक ताब्याच्या उणिवेची भाषा बोलत. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना दिसलं की उत्तेजक औषधाने काही मुलं उलट शांत बसून अभ्यास करतात. तरीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत लक्ष न टिकण्याला मुख्य लक्षण मानून नाव मिळायला १९८० उजाडलं. १९८७ मध्ये ते नाव एडीएचडी झालं.

आपल्याकडे २००७ चा ‘तारे जमीन पर’ आला. विषय डिस्लेक्सियाचा, पण पोरगं मुद्दाम करत नसेल ही शंका त्याने बऱ्याच बापांच्या डोक्यात घातली. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली. एडीएचडी स्वतःच्या नावाने आली नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

डॉक्टर अशा घरांना औषधाइतकंच ठरलेल्या दिनक्रमाबद्दल बजावतात. काम छोट्या तुकड्यांत द्यायचं, वेळ डोळ्यांना आणि कानांना कळेल अशी मांडायची, कारण या मुलांना आतून वेळेचा अंदाज येत नाही. वाडीला ही गोष्ट आयती मिळालेली. काकड आरती झाली की उठायचं, महापूजेच्या सुमाराला जेवण, शेजारतीला अंथरूण. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये माणसं छावण्यांत गेली आणि तो दिनक्रम पार विस्कटला. पुढच्या वर्षी करोनाने शाळाच मोबाइलवर आणली. ज्याला समोरच्या मास्तरांकडे पाच मिनिटं बघवत नाही, त्याने वीतभर पडद्याकडे तासभर बघायचं! तेव्हा वर्ग घरातच भरत होता; पोराचं काय होतं, ते आई-बापांना मास्तरांच्या तक्रारीतून नव्हे तर समोर दिसलं. जरा सावरतात तोवर २०२१ चं पाणी आलं.

आता तपासणीला नेलं की मुलाबरोबर आई-बापांच्या लहानपणाचीही चौकशी होते. या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, म्हणून मोठ्या माणसाचं निदान करताना जुनी प्रगतिपुस्तकं आणि घरातली म्हातारी माणसं कामाला येतात. ‘ह्याचा बापबी असाच हुता’ हे आजी आधीपासून सांगतच होती. आता ते वाक्य डॉक्टर कागदावर उतरवून घेतात आणि बापालाही समोरच्या खुर्चीत बसायला सांगतात.